गिळलेलं वाक्य

फलटणच्या पंचक्रोशीत खो-खोच्या सामन्याला हेमंत बिडकर पंच असले, की प्रशिक्षक आपल्या पोरांना एकच गोष्ट बजावत. खो तोंडातल्या तोंडात द्यायचा नाही. बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावायचा आणि ‘खो’ असा म्हणायचा, की पलीकडच्या खांबाशी ऐकू गेला पाहिजे. नाही गेला तर बिडकर सरांची शिट्टी वाजणारच. मग समोर आमदारांचा भाचा असो की सरांच्याच शाळेचा संघ असो.

घरी मात्र या माणसाच्या तोंडी एकच शब्द होता. ‘चालेल.’ पोहे करू की उपमा? काहीही चालेल. भिंतींना पिस्ता रंग? चालेल. दिवाळी शुभांगीताईकडे? चालेल. ही शुभांगीताई म्हणजे हेमंतची थोरली बहीण. ती दोन गल्ल्या सोडून राहायची आणि बिडकरांच्या घरचे बरेचसे निर्णय तिच्याकडून तयार होऊनच यायचे.

हेमंतची बायको सुचेता. कॉलेजात दोघं एका वर्गात होती, तेव्हापासूनची अरे-तुरेची ओळख. तिनं वर्षानुवर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता ती अंगणात रंगाच्या रिकाम्या बादल्यांमधून कांदळवनाची रोपं वाढवत होती. ही झाडं खाडीच्या खाऱ्या पाण्यात, भरती-ओहोटीच्या मध्ये वाढतात. फलटणला खाडी नाही, म्हणून सुचेता पाण्यात मीठ कालवायची. शेजारच्या गुंजवटेकाकू कुंपणावरून विचारायच्या, “काय गं, फोडणी कधी घालणार?”

समुद्र वर चढत चालल्यानं किनारपट्टीवर कांदळवनं लावण्याची मोठी मोहीम सुरू झाली होती. तिथली रोपं तयार करणाऱ्या वेंगुर्ल्याच्या एका रोपवाटिकेनं सुचेताला तीन वर्षांसाठी बोलावलं. राहायला घरही देणार होते.

“जाऊ का?” सुचेतानं विचारलं.

“चालेल,” हेमंत म्हणाला.

तिनं हातातली चाळणी खाली ठेवली. “मला काय हवंय ते मला माहीत आहे. तुला काय हवंय?”

“माझं काय, काहीही चालेल.”

“मग नीट ऐक. मी तुला ‘चल’ म्हणणार नाही. मी म्हटलं की तू येशील, आणि तीन वर्षं समुद्राकडे बघत ‘चालेल’ म्हणत राहशील. ‘जाऊ नको’ म्हणालास तर भांडण होईल. होऊ दे, निदान घरात दोन माणसं असल्यासारखं तरी वाटेल. महिनाअखेरीला मला त्यांना कळवायचंय. तोवर तुझं तू ठरव आणि मला सांग. नाही सांगितलंस तर मी एकटी जाईन. आणि तीन वर्षांनी परत यायचं की नाही, ते तिथंच ठरवीन.”

हे ती ओरडून बोलली असती तर हेमंतला सवयीनं ‘बरं’ म्हणता आलं असतं. ती अगदी शांतपणे बोलली, म्हणून तो घाबरला.

*

तोपर्यंत तालुक्याच्या गावात समुपदेशकाकडे जाणं दाताच्या डॉक्टरकडे जाण्याइतकं साधं झालं होतं. तरी हेमंतनं स्कूटर दोन दुकानं अलीकडे, चष्म्याच्या दुकानापाशी लावली.

समुपदेशक तन्वी आटपाडकर तिशीच्या आतबाहेरची होती. तिनं त्याला एकदा निरखून पाहिलं, काहीतरी आठवल्यासारखं हसली, पण बोलली नाही. टेबलावर एक करड्या रंगाची मऊ पट्टी होती, बाळाच्या लाळेऱ्याएवढी.

“सर, ही गळपट्टी. लावली नाहीत तरी चालेल.”

‘चालेल’ हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकून हेमंतला जरा बरं वाटलं. त्यानं पट्टी लावली.

गळपट्टीमागचं विज्ञान फार अवघड नव्हतं. माणूस बोलतो त्याच्या क्षणभर आधी मेंदूकडून स्वरयंत्र, जीभ आणि जबडा यांच्या स्नायूंना विजेचे बारीक संदेश जातात. आयत्या वेळी बोलायचं नाही असं ठरवलं, तर माणूस श्वास आवरतो आणि आवाज फुटत नाही. पण संदेश तोवर निघालेले असतात. स्नायू डोळ्यांना दिसणार नाही इतके हलतात. गळ्याच्या त्वचेवरचे संवेदक ती हालचाल टिपतात, आणि त्या माणसाच्या बोलण्याची लकब शिकलेला संगणक तिच्यावरून वाक्य जुळवतो.

घशाच्या शस्त्रक्रियेत आवाज गमावलेल्या रुग्णांसाठी हे यंत्र बनवलं होतं. ते धडधाकट माणसांवर तपासून पाहताना एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. ही माणसं बोलत होती ते तर पडद्यावर उमटत होतंच, पण जे बोलली नव्हती तेही अधूनमधून उमटत होतं. संशोधकांनी त्याला लांबलचक नाव दिलं. लोकांनी त्याला ‘गिळलेली वाक्यं’ म्हटलं आणि तेच नाव टिकलं. यंत्र वापरायची परवानगी समुपदेशकांना मिळाली, तीही फक्त खोलीत आणि फक्त पडद्यावर.

हेमंतनं यंत्राला आपली लकब कळावी म्हणून दोन-चार पानं मोठ्यानं वाचली. मग तन्वीनं सहज विचारलं, “काल जेवायला काय होतं?”

“भात, आमटी, गवारीची भाजी.”

“आमटी कशी होती?”

“छान.”

पडद्यावर अक्षरं उमटली: *गूळ नको.*

हेमंत खुर्चीतून अर्धा उठला. “हे मी म्हणालो नाही!”

“नाही म्हणालात. म्हणता म्हणता राहिलात.”

“तिच्या माहेरची पद्धत आहे. आमटी गोडच करतात.”

“आणि तुम्हाला?”

“मला चालते.”

पडदा पुन्हा म्हणाला: *गूळ नको.* हेमंतला हसू आलं. स्वतःच्या गळ्यात इतक्या वर्षांचा गूळ अडकलाय, हे त्याला त्या दिवशी कळलं.

मग तन्वीनं वेंगुर्ल्याचं विचारलं. तो म्हणाला, “जाऊ दे की. चालेल.” या वेळी पडद्यावर वाक्य आलंच नाही. अक्षरं एकमेकांवर चढली, पुसली, परत उमटली आणि नुसता करडा चिखल उरला.

“यंत्र बिघडलं?”

“नाही. चार वाक्यं एकदम दारात आली, की ते हात टेकतं. गर्दी झालीय सर. हळूहळू एकेकाला बाहेर काढू.”

“पण त्यातलं खरं कुठलं?”

“ते यंत्राला कळत नाही. तुम्हाला कळेल, पण घाई करून चालणार नाही.”

हेमंतला हे पटलं नाही. पंचाला निकाल लागतो, तोही तिथल्या तिथे.

*

त्याच सुमारास बाजारात ‘मनमोकळा’ नावाची नक्कल आली होती. गळपट्टीसारखीच पट्टी, फक्त पडद्याऐवजी छोटा स्पीकर. गिळलेलं वाक्य ती घालणाऱ्याच्याच आवाजात बोलून दाखवायची. विक्रीवर बंदी होती, त्यामुळे ती सगळीकडे मिळत होती. चहा-पोह्यांच्या कार्यक्रमात मुलाकडची मंडळी “जरा मनमोकळा घालता का?” असं विचारू लागली होती. साताऱ्याच्या एका नवरदेवाच्या गळ्यातून “हिची बहीण बरी आहे” असं ऐकू आलं आणि वरात आल्या वाटेनं परत गेली, असं लोक सांगत. खरंखोटं कुणी तपासलं नव्हतं.

हेमंतनं ती पट्टी मागवली. त्याचा विचार सरळ होता. आपल्याला जे सांगायचंय ते सापडत नाही, सापडलं तरी तोंडातून निघत नाही. यंत्राला सापडेल, यंत्र सांगेल, आणि सुचेताला उत्तर मिळेल. त्यानं न्हाणीघरात दार लावून पट्टीला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. बाहेरून सुचेता म्हणाली, “आंघोळ करतोयस की बातम्या देतोयस?”

दिवस निवडला तो केळवणाचा. शुभांगीताईच्या मुलीचं, ईशाचं, लग्न ठरलं होतं आणि मामा-मामीकडचं केळवण त्या रविवारी होतं. पाटाभोवती रांगोळी, ताटाला महिरप, दहा-बारा माणसं. हेमंतनं बंद गळ्याचा कुर्ता घातला. आत पट्टी होती.

शुभांगीताई माहेरी आली की पाहुणी नसायची. पदर खोचून तीच वाढत होती. “घे रे हेमंत, आमटी घे. सुचेताच्या हातची आहे.”

“वाढ, वाढ. छानच झालीय,” हेमंत म्हणाला.

आणि त्याच्याच गळ्यातून, त्याच्याच आवाजात, जरा नाकात बोलल्यासारखं आलं, “गूळ नको.”

पळी हवेत राहिली. आधी ईशा हसली, मग सगळी पंगत हसली.

“मामा, मनमोकळा घातलाय तुम्ही? भारीच की!”

सुचेता स्वयंपाकघराच्या दारात आली. “काय नको?”

“गूळ,” शुभांगीताई डोळे पुसत म्हणाली. “इतकी वर्षं गुपचूप ओरपतोय बघ. लहानपणापासून असाच घुम्या!”

सुचेताही हसली. “अरे शहाण्या, सांगायचं नाही का?” तिच्या चेहऱ्यावर नुसतं हसू नव्हतं, उत्सुकता होती. हेमंतला वाटलं, जमलं. हेच हवं होतं.

शुभांगीताईला राहवलं नाही. “मग आता दुसरंही होऊन जाऊ दे. बायको चाललीय वेंगुर्ल्याला. काय म्हणणं आहे तुझं?”

हेमंतनं सुचेताकडे पाहिलं. आता फक्त नेहमीचा शब्द उच्चारायचा, उरलेलं यंत्र बघून घेईल. तो म्हणाला, “चालेल.”

पट्टी म्हणाली, “जाऊ दे. जरा शांतता मिळेल.”

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं. हेमंतनं कॉलरीत हात घालून पट्टी ओढून काढली. सुचेता त्याच्याकडे बघत होती. मग तिनं जिलबीचं ताट उचललं.

“चालेल,” ती म्हणाली, आणि ईशाला वाढायला वळली.

आपला शब्द दुसऱ्या बाजूनं कसा लागतो, हे हेमंतला पहिल्यांदा कळलं.

*

“यंत्र खोटं बोललं,” तन्वीसमोर बसल्या बसल्या हेमंत म्हणाला.

“नाही सर. तेवढं नक्की नाही.”

“म्हणजे मला ती जायलाच हवीय?”

तन्वीनं गळपट्टी खणात टाकली आणि खण लावून घेतला. “आज हिची गरज नाही. सर, माणूस एक वाक्य बोलण्याआधी मनात तीन-चार कच्चे खर्डे करतो. रागाचा, भीतीचा, प्रेमाचा, आळसाचा. ते सगळे त्याचेच असतात. बोलतो तो त्यातून निवडलेला. ती नक्कल काय करते? गळ्यातला सगळ्यात जोरदार संदेश उचलते. आणि सगळ्यात जोरात काय गिळलं जातं?”

“काय?”

“ज्याची लाज वाटते ते. त्याला दाबायलाच जास्त ताकद लागते. म्हणून ते सगळ्यात खरं ठरत नाही. तिथं आणखी काय काय होतं, ते त्या पट्टीनं ऐकलंच नाही.”

हेमंत म्हणाला, “शांतता मला आवडते. ते खरं आहे. आमच्या घरी लहानपणी फार आरडाओरडा असायचा. वडील एकीकडे, आई एकीकडे. आणि भांडण टिपेला गेलं की दोघं माझ्याकडे वळायची. ‘तू सांग, कुणाचं बरोबर?’ ताई तेवढ्यात पळून जायची. मी सापडायचो.”

“मग काय सांगायचात?”

“सुरुवातीला सांगायचो. जे सांगेन त्यानं एकजण रडायचं. मग शोध लागला, की ‘मला काहीही चालेल’ म्हटलं की दोघंही माझा नाद सोडतात.”

“हुशार पोरगा होता,” तन्वी म्हणाली.

असं कुणी म्हणेल, याची हेमंतला अपेक्षा नव्हती. त्यानं उगीचच रुमालानं चष्मा पुसला.

“पण मग पंच कसे झालात? तिथं तर दर मिनिटाला कुणीतरी रडतं.”

“रडू दे. ते परके असतात.”

तन्वीनं विचारलं, “गेल्या महिन्याभरात, कुणीही न सांगता तुम्ही केलेली एखादी गोष्ट आहे?”

हेमंतनं विचार केला. “त्या बादल्या. रोपांना ओहोटी लागते म्हणे, सतत पाण्यात ठेवून भागत नाही. सुचेता वेंगुर्ल्याला मुलाखतीला गेली होती तेव्हा मी पाणी काढत होतो, परत भरत होतो. ती आली तरी सकाळी फिरायला जाते तेव्हा एकदा मीच करतो. तिला वाटतं, आपण कालच केलं असेल. मुळं वर येतात हो त्यांची, श्वास घ्यायला. पेन्सिलीच्या टोकांसारखी. ते बघायला आवडतं.”

“काय म्हणालात?”

“आवडतं म्हणालो.” तो थांबला. हा शब्द आपण स्वतःबद्दल शेवटचा कधी वापरला, ते त्याला आठवेना.

तन्वी हसली. “आता माझं एक सांगते. मी चौदा वर्षांखालच्या संघात होते. तालुक्याचा अंतिम सामना. तुम्ही मला फाउल दिलात आणि आमचा कप गेला. मी आठवडाभर तुमच्या नावानं बोटं मोडत होते.”

हेमंत ताठ बसला. घरात न दिसणारा माणूस खुर्चीत आला. “खो दिला होता का?”

“दिला होता की. मनात.”

“मनात दिलेला खो धरत नाहीत,” पंच म्हणाला.

बाहेर चष्म्याच्या दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज आला.

“पण मला इथं खो देऊन उठवणारं कुणी नाहीये,” हेमंत पुटपुटला. “आणि ती ‘चल’ म्हणणार नाही. मला आयुष्यभर पाठीवर हात पडल्याशिवाय उठायची सवयच नाही.”

“बसलेले लोक खोची वाट बघतात. पळणारे कुणाची बघतात?”

“कुणाचीच नाही. वेळ झाली की मैदानात उतरतात.” तो उठला. “मॅडम, पुढच्या आठवड्याची वेळ ठेवा. एका दिवसात एवढं सगळं दुरुस्त होणार नाही.”

“ठेवलीय,” तन्वी म्हणाली. “आणि सर, त्या फाउलचं मी मनावर घेतलं होतं बरं का. आता बोलते ते ऐकू जातं.”

*

सुचेता अंगणात होती. तिची पाठ घराकडे होती आणि ती बादलीतलं पाणी मगानं उपसत होती. केळवणापासून ती हेमंतशी सभ्यपणे बोलत होती, आणि हे सभ्यपण त्याला झोंबत होतं. महिना संपत आला होता. फोन तिच्याजवळच्या स्टुलावर होता. रोपवाटिकेला आज कळवायचं होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

हेमंत तिच्या मागे जाऊन उभा राहिला. गळा मोकळा होता. पट्टी नव्हती, पण ती असती तरी पडद्यावर करडा चिखलच झाला असता, इतकी गर्दी होती. त्यानं त्यातलं एक वाक्य धरलं.

“मला यायचंय,” तो म्हणाला.

सुचेता वळली नाही. मगातून पाणी पडत राहिलं. “काही म्हणालास? ऐकू आलं नाही.”

नियम त्याला पाठ होता. ऐकू न गेलेला पुन्हा द्यावा लागतो. त्यानं श्वास घेतला आणि पलीकडच्या खांबाशी पोचेल अशा आवाजात म्हणाला, “मला वेंगुर्ल्याला यायचंय! तुझ्याबरोबर!”

गुंजवटेकाकूंची खिडकी उघडली.

सुचेता हळूच वळली. पाण्याचा मग हातात तसाच होता.

“कुणी सांगितलं म्हणून नाही,” हेमंत म्हणाला. आवाज खाली आणायचं त्याला सुचलं नाही. “तिथं जाऊन काय करीन, ठाऊक नाही. पोरं असतीलच, वाळूवर खो-खो शिकवीन. या बादल्यांचं सकाळचं पाणी गेले कित्येक दिवस मी काढतोय, ते मला काढायचंय. आणि परवा ती पट्टी म्हणाली तेही माझंच होतं. मला कधीकधी शांत बसावंसं वाटतं. पण तू नसल्यावरची शांतता नकोय. वाटेल तेव्हा मी सांगेन, की आता तासभर बोलू नको. तू नाही म्हणालीस तर भांडू.”

“भांडशील?” सुचेतानं विचारलं.

“प्रयत्न करीन.” तो थांबला, आणि उरलेलंही बाहेर काढून टाकलं. “आणि आमटीत गूळ नको.”

खिडकीतून गुंजवटेकाकू म्हणाल्या, “अगं बाई, बोलला की हा!”

सुचेतानं हातातला मग बादलीत ठेवला, ओले हात साडीला पुसले आणि फोन उचलला. नंबर लावता लावता तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या ओठांचे कोपरे हलत होते. आत किती खर्डे चालले होते, कुणास ठाऊक. त्यातून तिनं निवडलं आणि मोठ्यानं म्हणाली,

“पहिलं चालेल. गुळाचं बघू.”